दसऱ्याच्या रंगांखालचा ट्रॅक्टर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. पण त्या निळ्या ट्रॅक्टरचं प्रकरण अजून वेगळं आठवतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सीमेवरच्या औराद भागातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. त्या काळी ट्रॅक्टर एखाददुसऱ्या गावात असायचा, त्यामुळे तो गेला की तालुकाभर बोभाटा व्हायचा. संतपूरकडच्या एका बागायतदाराने फिर्याद दिली की ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन पळाला.

"घरच्यासारखा ठेवलो होतो साहेब त्याला," ते म्हणाले. ट्रॅक्टरची ओळख विचारली, तर नंबराआधी त्यांनी दसऱ्याचंच सांगितलं. दर दसऱ्याला पुढच्या एक्सलला नवा रंग द्यायचा, एका साली लाल, एका साली पिवळा, आणि मग पूजा. हा त्यांच्या घरचा रिवाज होता.

ड्रायव्हर बौद्ध वस्तीतला, तरणा माणूस. एकतर त्याने चोरी केली असेल, नाहीतर ट्रॅक्टरसाठी कुणीतरी त्याचा काटा काढला असेल. कुठे विहिरीत प्रेत तरंगल्याचा निरोप आला की मी आधी खिडकीतून बाहेर बघायचो, कारण त्याची बायको रोज ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसायची.

"कामून बसायलीस इथं? खबर आली तर सांगू की," जमादार वैतागून म्हणायचे.

"बसते की. मी काय मागायले तुमाला?"

आमची जीप सुरू झाली की मात्र ती उठायची. "कुणीकडं निघालाव साहेब?" हे ती दर वेळी रस्त्यावर येऊन विचारायची. प्रेत सापडल्याचं ऐकावं लागेल, ही भीती असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग कमलनगरच्या एका जीपवाल्याने खबर दिली. "बसवकल्याणकडं एकानं ट्रॅक्टर आणलाय. नवा म्हणायलेत, पर खोकायलाय म्हाताऱ्यावानी."

ज्याच्याकडे तो होता, त्याचं नाव घेताना लोक आधी मागे वळून बघायचे. आमची जीप गावात शिरली आणि दारं पटापट लागली. पंच म्हणून उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी शेजारच्या गावातून दोघांना आणलं. तो माणूस मात्र हसत बाहेर आला आणि चहा मागवला. समोरचा फार गोड बोलू लागला की आपण दाराकडे तोंड करून बसावं, हे मी तोवर शिकलो होतो.

कागद चोख होते. ट्रॅक्टरवरच्या कारखान्याच्या पट्टीप्रमाणे तो मागच्याच सालचा, नव्या मॉडेलचा. पण पट्टीचे रिवेट हाताने ठोकलेले दिसत होते. चासी नंबरावरून बोट फिरवलं, तर तिथे लोखंड घासल्यासारखं किंचित खोल लागलं. कारखान्यात ठोकलेले आकडे एका ओळीत बसतात. हे आकडे बाजारातून परतणाऱ्या बैलांसारखे मागेपुढे होते. मी ट्रॅक्टरखाली शिरलो आणि रॉकेलच्या चिंधीने गिअरबॉक्सचं खोकं पुसलं. ओतीव लोखंडावर कारखान्याने उठवलेलं साल असतं. तिथे कुणी वाकून बघत नाही, म्हणून ते पुसायचं चोराला सुचत नाही. ते साल पट्टीपेक्षा बरंच जुनं निघालं.

"जुनं खोकं बसवलंय साहेब. त्यात काय गुन्हा?" तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. मी चाकू काढला आणि पुढच्या एक्सलचा काळा रंग खरवडायला लागलो. तोवर माझ्या पाठीमागे काठ्या घेतलेली माणसं जमली होती. जमादार कानाशी म्हणाले, "साहेब, निघू या आता." मला भीती वाटली, खरंच वाटली, पण मी खरवडत राहिलो. काळ्याखाली लाल निघाला, लालाखाली पिवळा, मग परत लाल, परत पिवळा. मागच्या सालच्या ट्रॅक्टरने इतके दसरे कुठे बघितले? पंचांना पापुद्रे दाखवले, तिथेच पंचनामा केला आणि ट्रॅक्टर जप्त करून त्या माणसाला जीपमध्ये बसवलं. काठ्या हलल्या, पण उठल्या नाहीत.

खोटे नंबर पाडून देणारा मेकॅनिक संध्याकाळी हाती लागला. त्याला मी एवढंच विचारलं, "सगळ्या नंबरांवर कानस चालवलीस, मग एक्सल कामून सोडलास?"

तो खाली बघत म्हणाला, "तिथं पूजा झालेली साहेब. कुंकवाच्या जागी कानस कशी लावू? रंगावर रंग दिलो."

"आणि ड्रायव्हर? मारलात त्याला?"

"न्हाई साहेब. वढ्यात गाठून लई हाणले, अन् सोडून दिले. हसायलते समदे. म्हणले, जा ठाण्यात, बघू तुझं कोण ऐकतंय."

मी बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगितलं की तुझा नवरा चोर नाही. तिला आनंद झालेला दिसेना.

"तसं लिहिलाव का साहेब? वाचून दाखवा."

मी जबाब वाचून दाखवला. शेवटची ओळ तिने परत वाचायला लावली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आता पोलीस मारणार न्हाईत न्हवं त्याला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवरा कुठे आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तिनेच सांगितलं, तो राज्याच्या हद्दीपलीकडे, उदगीरजवळच्या वीटभट्टीवर लपला होता. आमची जीप कुठल्या रस्त्याला लागते, हे बघायला ती लिंबाखाली बसत होती. उदगीरच्या रस्त्याला लागली असती, तर तिचा भाऊ आडवाटेने सायकलवर जाऊन त्याला सावध करणार होता.

खोटा नंबर कसा ओळखायचा, हे पुढे मी अनेक नव्या फौजदारांना शिकवलं. ते शिकवता येतं. पण लुटलेला माणूस चोरासारखा लपतो, कारण आपलं कोण ऐकणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, हे मला त्या बाईने शिकवलं. तेव्हापासून कुणी फरार झाला असं फिर्यादीत आलं, की तो कुणाला भिऊन पळाला, हे मी आधी विचारत आलो.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. डोक्यावरची जखम अजून भरलेली नव्हती. मी उठून खुर्ची पुढे केली. त्याने खुर्चीकडे बघितलंच नाही. दोन्ही मनगटं जुळवून त्याने बेडीसाठी माझ्यापुढे धरली.