साबणातला खळगा

आमचे धाकटे भावजी जन्मभर न्हावी. दुकान बंद केल्यावर स्वस्थ बसतील तर शपथ! लोकांचे जुने दाढीचे साबण आणून बसले. दगडासारखे कडक, तडे गेलेले, खवट वासाचे. त्यांना पुन्हा फेस येईपर्यंत या माणसाला जेवण गोड लागत नाही. आणि परत देण्याआधी तो साबण स्वतःच्या गालाला लावणार. "आग झाली तर माझी होऊ दे," म्हणतात. फक्त एकाच गालाला. दुसऱ्यावर बाजारचा नवा, फरक कळावा म्हणून. तेवढ्यात कोणी हाक मारली की अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर.

एकदा मागच्या गल्लीतली शिलाईवाली दाढीच्या साबणाचा लाकडी वाडगा घेऊन आली. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. त्याचा ब्रश फिरून फिरून साबणाला मधोमध खळगा पडला होता.

"भाऊ, पोरानं यानंच दाढी करावी असं वाटतं. पण हा खळगा तेवढा मोडू नका."

भावजींचा चेहरा उतरला. वरचा मेलेला थर खरवडल्याशिवाय साबण जागा होत नाही, आणि खळगा नेमका त्याच थरात.

दोन दिवस नुसता वाडगा फिरवत बसले. न राहवून मी म्हटलं, "गरम पाणी ओता की."

"वहिनी, साबण आहे, चहाचं आधण नाही! खळगा विरघळला तर त्या बाईला काय तोंड दाखवू?"

तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं. साबणाच्या बुडाला वारा लागलेला नाही, जीव असेल तर तिथंच. मग डब्यात ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर वाडगा, वरून झाकण. पाणी लागू द्यायचं नाही, नुसती ओल. नऊ दिवस रोज फडकं बदललं. मग ओला दोरा कडेनं घालून बुडाखालून हलकेच ओढला. तडे गेलेली वडी, पण अख्खी सुटली! ती उलटी बसवली, बूड जरासं खरवडलं, ब्रश फिरवला. सायीसारखा दाट फेस!

शिलाईवाली आली तेव्हा भावजींचा एक गाल गुळगुळीत, बाजारच्या साबणाचा दुसरा ओरखडलेला.

"खळगा?" तिनं आधी तेच विचारलं.

"खाली आहे, शाबूत. पोरगा वरून झिजवत झिजवत बापाच्या खळग्यापाशी पोचेल."

"कधी?"

"रोज दाढी केली तर दोनेक वर्षांत."

तिनं वाडगा पोटाशी धरला.

"मग दिवसाआड कर म्हणते त्याला."