काळा पडलेला स्फटिक

मंगळवार, १२ मार्च, सकाळी ९.४०. आमच्या मुलुंडच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका कुलूपसुद्धा पुसल्याशिवाय उघडत नाहीत. माझे संशोधन मात्र भेसळीवर चालते. शुद्ध सेंद्रिय स्फटिकातून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यात किंचित आयोडीन मुरवले की पिवळा स्फटिक काळा पडतो आणि वीज वाहू लागते. महिनाभर खपून मी ते साधले होते, काल मीटरने बारा मायक्रोअँपिअर दाखवले होते आणि आज अकरा वाजता माझे मार्गदर्शक सर ते पाहायला येणार होते.

“मॅडम, तुमचा पिवळा खडा पार काळा पडलेला ना, ओव्हनमध्ये तापवून साफ केला. सरांसमोर इज्जत नको जायला.”

उष्णतेने सगळे आयोडीन उडून गेलेला स्फटिक खरोखरच लख्ख पिवळा दिसत होता. मला रागावता येईना, कारण त्यांनी माझ्यासाठी मीटरची काचही पुसून ठेवली होती. अकरा वाजता सरांनी त्या काचेतून अगदी स्पष्ट वाचले आणि मी नोंदवले: ०.००.