बाबांचा बर्फ

भिंगरीचे बाबा बर्फ करायचे आणि भिंगरी तो खराब करायची, हा त्यांच्या घरातला जुना विनोद. बाबा स्केटिंगच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारं मशीन चालवत. मशीन वरचा खरबरीत थर तासून पोटात घेई आणि मागे गरम पाणी सोडत जाई. गरम पाण्याने बर्फ चांगला धरतो हे नव्या माणसाला काही केल्या पटत नसे, आणि मग बाबांना चेव यायचा. ताटातलं जेवण निवून जायचं, पण बर्फ संपायचा नाही. आई म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलंय यांचं, संसार मात्र त्या मशीनशी चाललाय."

आईही कामावर जायची आणि मुलीला घरी बघायला कोणी नव्हतं. म्हणून पाचव्या वर्षी ती बाबांबरोबर मैदानावर आली आणि भाड्याने द्यायच्या बुटांतला सर्वांत लहान जोड तिच्या पायात चढला, तोही पुढे मोजे कोंबून. पहिल्या दिवशी ती इतक्यांदा आपटली की बाबांनी मोजणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःभोवती फिरली, आणि थांबायचं कसं हे कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून फिरतच राहिली. तिथे तिचं नाव भिंगरी पडलं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

शिकवणाऱ्या बाई एकेकाळी स्वतः स्पर्धा गाजवलेल्या. कौतुक करायची वेळ आली की त्यांना नेमका खोकला यायचा. त्यांनी भिंगरीला बारा वर्षं घासलं, शाळेआधी आणि शाळेनंतर. पाठमोरं घसरत यायचं, पात्याच्या टोकाचे दात बर्फात रोवून उसळायचं, हवेत तीन गिरक्या घ्यायच्या आणि एकट्या उजव्या पायावर उतरायचं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर सगळं आटोपतं. ती उडी साधायला तिला अडीच वर्षं लागली आणि तेवढ्या काळात तिच्या कमरेचा रंग दोन दिवस सारखा राहिला नाही.

उडी ती नेहमी एकाच कोपऱ्यात मारायची. तिथे बर्फाला खड्डे पडत. बाबा गुडघे टेकून त्यांत बर्फाचा भुगा दाबायचे, वर पाणी शिंपडायचे आणि हातमोजा काढून तळहाताने चाचपून बघायचे.

"काय गं, माझ्या बर्फाशी तुझं जुनं वैर आहे का?"

"तुम्हाला काम मिळावं म्हणून करते, बाबा."

एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघाच्या निवडीची स्पर्धा ठरली, आणि ती त्यांच्याच मैदानावर होणार होती. तीन आठवडे आधी भिंगरीचा उजवा पाय दुखू लागला. बाईंचा एक नियम होता: दुखणं लपवणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही. पण सांगितलं तर स्पर्धा हातची जाणार, म्हणून ती गुपचूप गावाच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी डॉक्टरकडे गेली. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून पावलाच्या हाडातली केसाएवढी रेघ दाखवली. सहा आठवडे बर्फावर जायचं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला सहा आठवडे म्हणजे जन्मठेप. तिने फिल्म आणि चिठ्ठी दोन्ही बस थांब्यावरच्या कचरापेटीत टाकली आणि घरी येऊन पोटभर जेवली.

स्पर्धेच्या दिवशी उडी अगदी मनासारखी उठली. तिन्ही गिरक्या पूर्ण झाल्या, पाय बर्फाला लागला आणि आतून काहीतरी काडकन गेलं. ती पडली ती उठलीच नाही. वर संगीत बिचारं आपलं चालूच होतं. बाबा साध्या बुटांनिशी घसरत धावत आले आणि त्यांनी तिला उचलून बाहेर नेलं. मग ते परत कोपऱ्यात गेले. सकाळी घाईत बुजवलेल्या एका खड्ड्यातला भुगा निघून आला होता. जिथे ती पडली तिथून तो खड्डा चांगला चार हात लांब होता. बाबांना ते अंतर दिसलंच नाही. त्यांना फक्त खड्डा दिसला.

प्रथमोपचाराच्या खोलीत बाई तिच्या बुटाची नाडी कापत होत्या. बाबा दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "कोपऱ्यातली डागडुजी कच्ची राहिली."

बाईंनी वर पाहिलं. "आजच्या दिवशी? स्वतःच्या मुलीच्या दिवशी?"

भिंगरीला सगळं ऐकू येत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारलं की बाई तिला सोडणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवड होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. लाजेने तिचे कान तापले होते.

हाड पुरतं मोडलं होतं, आणि मोडलेल्या हाडात आधीचा तडा कोण शोधतो? पडल्याने मोडलं, असंच सगळे म्हणाले. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले. चालण्यापुरता पाय बरा झाला, पण उडी उतरताना तो भार घेईना. ज्या पुढच्या वर्षासाठी तिने तोंड शिवून घेतलं होतं, ते वर्ष तिच्या वाट्याला आलंच नाही.

बाबांनी मशीनची किल्ली परत केली आणि बूट भाड्याने द्यायच्या खिडकीत बदली मागून घेतली. अकरा वर्षं ते लोकांच्या पायांची मापं घेत राहिले. बर्फावर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. घरात विषय निघाला की ते उठून हात धुवायला जात. भिंगरी त्याच मैदानावर लहान मुलांना शिकवू लागली. येता-जाता खिडकीतून बाबा हसायचे आणि ती घाईने बर्फाकडे वळायची. आज सांगू, उद्या सांगू असं ती करत राहिली, आणि जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं.

एकदा तिच्या हाताखालची एक चिमुरडी लंगडताना दिसली. भिंगरीने तिला चांगलं फैलावर घेतलं. "दुखतंय ते लपवायचं नाही. कळलं?" पोरीने डोळे पुसत विचारलं, "तुम्ही कधीच नाही लपवलं?" भिंगरी खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडू लागली.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दुपारी ती आईबाबांकडे गेली. भाड्याच्या बुटांच्या नाड्या बाबा घरी धुवायला आणत. त्यांतला गुंता सोडवत ते बसले होते. आई स्वयंपाकघरात होती.

"बाबा, तुमचा बर्फ चांगला होता त्या दिवशी."

"हं."

"ऐका तरी. माझं हाड तीन आठवडे आधीच तडकलं होतं. डॉक्टरांनी फिल्म दाखवली होती, मी कोणाला बोलले नाही. त्या खड्ड्याला माझा पाय लागलासुद्धा नाही."

बाबांनी नाडी मांडीवर ठेवली. "कुठे आहे फिल्म?"

"फेकून दिली."

"आणि ते डॉक्टर?"

"दवाखाना बंद झाला कधीच."

बाबा हसले. फार दिवसांनी इतके मोकळे हसले. "भिंगरे, अगं मी उचललंय तुला. मला विचार ना कधी मोडलं ते."

"खरं सांगतेय, बाबा. मी गप्प बसले. तुमच्यावर आलं तरी गप्प बसले."

"तू एकदाही रागावली नाहीस माझ्यावर," बाबा म्हणाले. "मी वाट बघायचो. म्हटलं, कधीतरी चार शब्द ऐकवेल. ते राहिलं बाजूला, आणि आज बापाला सोडवायला गोष्ट रचून आणलीस होय?"

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा तिला रडू फुटलं होतं आणि शब्द धड बाहेर येत नव्हते. बाबांनी आपल्या बाहीने तिचं तोंड पुसलं, तिचं डोकं खांद्याशी धरलं आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून आईला हाक दिली.

"ऐकलंस का गं? ही पोर जन्मात कधी खोटं बोलली नाही. आज माझ्यासाठी बोलली."