रताळं की तंगडी

परळीत वैजनाथाच्या वाटेवर सोमलिंगअप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान, आणि बरोब्बर समोर माझं बांगड्यांचं. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजलं आणि काय करपलं, ते मला शेजाऱ्यांच्याही आधी कळायचं. मी काही मुद्दाम कान देत नव्हतो. कान आपोआप जायचे.

अप्पा तसे देवमाणूस. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, गिऱ्हाईकाशी गोड बोलणं. एकच खोड, नवीन वस्तू दिसली की माणूस लहान लेकरासारखा हरखायचा. देशाची दारं उघडली, बाहेरचा माल यायला लागला, आणि अप्पांना वाटलं की तो सगळा आपल्याचसाठी येतोय. एकदा बॅटरीवर चालणारी, अखंड नामजप म्हणणारी डबी आणली. ती बंदच होईना. तीन दिवस घर झोपलं नाही. शेवटी त्यांच्या पत्नी शांतादेवी यांनी ती बादलीत बुडवली. पाण्याखालीही तिनं दोनदा जप केला आणि मगच प्राण सोडला.

चौऱ्याण्णवच्या आषाढात मात्र अप्पांनी कहर केला. औरंगाबादच्या एका माणसाकडून टेम्पोत घालून एक उभं लाकडी कपाट आणलं. वर टीव्हीची काच, खाली दोन दांड्या आणि लाल-पिवळी बटणं. एका बाजूला रुद्राक्षाच्या माळा, दुसऱ्या बाजूला भस्माच्या पुड्या आणि मधोमध व्हिडिओ गेम! रुपया टाकला की आत दोन गडी उभे राहायचे, एक तलवारवाला, दुसरा दाढीवाला बाबा, हातातल्या काठीतून आग फेकणारा. दोघांनी मिळून राक्षस मारत, जंगलातून, किल्ल्यातून, पार शेवटच्या दहा हातांच्या राक्षसापर्यंत जायचं. दोघं एकाच बाजूचे. भिडू.

आणि इथंच गाव फुटलं.

पहिल्याच दिवशी विजयसिंह आले. शेजारच्या गावचे पुढारी, दोन निवडणुका लढलेले आणि दोन्हींत पडलेले. तलवारवाल्याची दांडी धरली आणि पहिला वार सरळ आपल्याच भिडूवर घातला. बाबाला काही झालं नाही. दुसरा घातला. तरी नाही.

"हिच्या धारेला काय झालंय बे?" विजयसिंह ओरडले.

"साहेब, तो आपलाच माणूस हाय. त्याला लागत न्हाई," अप्पा म्हणाले.

"आपलाच हाय म्हणून तर मारतोय! आमच्याकडं आधी आपलाच पाडावा लागतो." सगळी गल्ली हसली, पण विजयसिंह गंभीर होते. "आणि दोघं मिळून जिंकायचं, तर मग जिंकलं कोण? हार कुणाला घालायचा? असला कसला खेळ, अप्पा? एकट्याचं नाव होत न्हाई तिथं आमी कावून यावं?"

ते निघून गेले आणि चौकात खेळाची बदनामी करू लागले. उलट थर्मल वीजकेंद्रातला फिटर गहिनीनाथ, तो पाळी सुटली की अंगावरची राख न झटकता थेट मशीनपुढं. "लई भारी हाय अप्पा! ड्युटीवरबी बॉयलरमधी राक्षसच दिसतोय मला." आठवड्याभरात अर्धं गाव म्हणे, असा खेळ झाला नाही. उरलेलं अर्धं म्हणे, हा खेळच नाही. दोन्ही अर्धी मात्र रोज हजर.

अप्पा स्वतः तर वेडेच झाले. गिऱ्हाईक बेल मागायचं आणि अप्पा कापूर द्यायचे. त्यांच्या जिवाला एकच ध्यास लागला होता, तो दहा हातांचा राक्षस मरताना बघायचा. अजून गावात कुणीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पोचणार कसं? खेळात मार बसला की वर काचेवरची हिरवी पट्टी आखडायची. ती पुन्हा लांब करायला वाटेत खाणं पडलेलं असायचं. आणि ते खाणं म्हणजे, महाराज, भाजलेल्या कोंबडीची तंगडी! चांगली तांबूस, वाफाळती. गहिनीनाथ भिडू असला आणि तंगडी दिसली, की हा पळत जाऊन खाणार. अप्पा बिचारे उपाशी मरायचे. तसेही ते खायचे नाहीत. तंगडी आली की त्यांचा गडी दोन पावलं मागं सरायचा. वीरशैव माणूस, काचेतली झाली म्हणून काय झालं?

मग अप्पांनी तोडगा काढला. एके सकाळी दुकानात जाहीर केलं, "ती तंगडी न्हाई. रताळं हाय."

झालं! गावात रताळंवाले आणि तंगडीवाले असे दोन पक्ष पडले. रताळंवाले म्हणत, रंग बघा, आकार बघा. तंगडीवाले नुसते हसत.

ही चर्चा चालत चालत श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शांतादेवींच्या कानावर गेली. बाई उपवासाच्या, हातात पूजेचं ताट, तशाच दुकानात आल्या आणि काचेपुढं उभ्या राहिल्या. सगळ्या गल्लीनं हातातलं काम सोडलं. मीसुद्धा एका बाईच्या हातात अर्धी चढवलेली बांगडी तशीच सोडली.

"हे काय हाय?"

"रताळं," अप्पा पुटपुटले.

"रताळ्याला हाडूक कधीपासून यायला लागलं?"

अप्पा रुद्राक्षाच्या माळा सारख्या करू लागले.

"गळ्यात इष्टलिंग, दुकानात भस्म, श्रावणातला सोमवार, आणि समोर कोंबडी! पुढच्या सोमवारी चार वाजता टेम्पो बोलवा. हे धूड गेलं न्हाई तर मी माहेरी जाते."

ही धमकी नव्हती. माहेर दोन गल्ल्या सोडून होतं आणि त्या खरंच जायच्या.

अप्पांना सात दिवस उरले. माणसाचं जेवण सुटलं. जो दिसेल त्याला भिडू करून राक्षस गाठायला बघत. एकदा खेळाला नावं ठेवणाऱ्या विजयसिंहांनाही पकडलं. ते खेळातल्या पुलावर मुद्दाम मागंच थांबले. म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी पाठिंबा देतो." गहिनीनाथनं सगळी रताळी एकट्यानं फस्त केली. रविवार गेला, राक्षस काही दिसला नाही.

सोमवारी दुपारी तीन वाजता दर्शनाची गर्दी ओसरली आणि शांतादेवी येऊन खुर्ची टाकून बसल्या. मशीन जाताना डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. गहिनीनाथ ड्युटीवर. अप्पा एकटेच काचेपुढं, बारशाला बोलावलं नाही असं तोंड करून.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "एक डाव. तू नुसती त्या बाबाला माझ्या मागं मागं चालव."

"मी तंगडीला शिवायची न्हाई."

"नकोच शिवू! मला असाच भिडू पाहिजे."

काय वाटलं कुणास ठाऊक, बाई उठल्या. पदर खोचला. सुरुवातीला बाबा भिंतीलाच धडका मारत होता. मग त्यांना ते लाल बटण सापडलं, आग फेकणारं. महाराज, काय सांगू! चूल फुंकून फुंकून ज्या बाईचं अर्धं आयुष्य गेलं, तिच्या हाती आयती आग आली. जंगल साफ! पूल साफ! "ये मेल्या! तू बी ये!" बाईंचा आवाज देवळापर्यंत. दुकानं सोडून माणसं धावली. मी पहिला.

किल्ल्याच्या दारात मात्र अप्पांना चौघांनी घेरलं. हिरवी पट्टी नखाएवढी उरली. पायाशीच तंगडी पडलेली, वाफ निघतेय. आणि अप्पा? शेजारी बायको, वर सोमवार. त्यांचा गडी नुसता उभा! त्यातल्या एका राक्षसानं कुऱ्हाड उगारली.

"अहो, उभे कावून राहिलात?" शांतादेवी किंचाळल्या. "रताळं खा ना! आधी ते रताळं खा!"

मग जो काही गलका उठला! रताळंवाल्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बाईंना मात्र कुणाचंच भान नव्हतं. अप्पांनी रताळं खाल्लं, पट्टी लांबली, आणि पहिल्यांदाच परळीच्या माणसांनी त्या दहा हातांच्या राक्षसाचं तोंड पाहिलं. दोघांनी त्याचे सात हात तोडले. आठव्यानं आधी बाबाला लोळवलं, मग तलवारवाल्याला. काच काळी झाली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. चार वाजले होते. टेम्पोवाला बंकट दोर घेऊनच खाली उतरला.

"अप्पा, कुठलं कपाट न्यायचं?"

अप्पांनी काचेवर हात ठेवला आणि खाली मान घातली. शांतादेवी मात्र अजून त्या काळ्या काचेकडंच बघत होत्या, घामानं डबडबलेल्या.

"त्याचे किती हात राहिलते?" त्यांनी विचारलं.

"तीन," अप्पा म्हणाले.

"बंकटभाऊ, तो दोर ठेवा गाडीत आणि रिकामे जा," शांतादेवी कनवटीचा रुपया काढत म्हणाल्या. मग नवऱ्याला कोपरानं ढकललं. "सरका तिकडं. आता तलवार माझ्याकडं."