डॉलरची आमुशा

आमच्या घरात अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत आमुशेला, नवी वस्तू येत नाही. अप्पांचा, माझ्या वडिलांचा, हा नियम फार कडक. एकदा आमचा नवा फ्रिज नेमका आमुशेला येऊन थडकला. अप्पांनी तो शेजाऱ्यांच्या पडवीत उतरवून घेतला. शेजाऱ्यांनी लगेच वायर लावली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कोऱ्या फ्रिजमधून त्यांच्या कैरीच्या चटणीची वाटी निघाली.

अप्पा लातूरच्या मार्केट यार्डात आडत्या आहेत. शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन, हरभरा त्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर उतरतो, तिथंच सौदा होतो आणि माल पुढं डाळमिलला जातो. मी सॉफ्टवेअर लिहिते. कंपनी पुण्याची, पण लॉकडाऊनमध्ये मी जी लातूरला आले, ती परत जायचं नावच काढेना. मला इथं फार सुख होतं. सकाळी आईच्या हातचं गरम धपाटं, संध्याकाळी अप्पांच्या तोंडून यार्डातल्या गमती. पुण्यातल्या खोलीत सगळं होतं, फक्त चिडवायला कुणी नव्हतं.

आमचं सॉफ्टवेअर परदेशी चलनाचं. बाहेरून माल मागवणाऱ्यांना डॉलर लागतात आणि डॉलरचा भाव दिवसभर हलत असतो. हे सॉफ्टवेअर भावावर नजर ठेवून आपोआप डॉलर घेतं आणि विकतं. त्यातला जोखमीचा भाग माझ्याकडे होता: तोटा कुठवर गेला की थांबायचं, कुठला व्यवहार अर्धवट उघडा सोडायचा नाही. अप्पांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आडत्याच हाय की. फकस्त चहा पेत न्हाई."

मग कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं. मी बरीच गयावया केली, तेव्हा त्यांनी एक अट घातली. महिनाभर सॉफ्टवेअरची चाचणी होणार, पैसे खोटे पण भाव खरे. तेवढ्यात माझ्या भागात गोंधळ झाला नाही तर मी खुशाल लातूरहून काम करावं. झाला, तर बॅग भरून यायचं.

तेव्हा मी आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून, एक पाय डगमगणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसत होते. आई अप्पांच्या मागे लागली, "पोरीला चांगली खुर्ची आणा की." अप्पांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "आधी ठरू दे. जायाचीच असंल तर खुर्ची कशाला?" मला ते जरा लागलंच. मी राहावं असं यांना वाटत नाही की काय, असं मनात येऊन गेलं.

सॉफ्टवेअरला बाजाराच्या सुट्ट्याही सांगाव्या लागतात. एका संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, "भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सुट्ट्या वाचा, मी टाइप करते." अप्पांनी चष्मा चढवला आणि हौसेनं वाचायला सुरुवात केली. तारीख सांगायची, पुढं कारण. सव्वीस जानेवारी, झेंडावंदन. मग आमुशा. मग होळी. परत आमुशा. मी टाइप करत गेले आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. कसं खटकणार? आमुशेला हमाल पोत्याला हात लावत नाहीत, सौदा होत नाही, सगळं यार्ड सुनसान असतं. लहानपणी भरदुपारी अप्पा घरी दिसायचे ते फक्त त्याच दिवशी. आम्ही सगळे एका पंगतीत जेवायचो आणि मग ते मला गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपी जायचे. आमुशेइतकी हक्काची सुट्टी मला दुसरी माहीतच नव्हती.

चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळीच साहेबांचा कॉल आला. "तुमचं सॉफ्टवेअर आज गप्प का आहे?"

मी बघितलं. स्क्रीनवर आलं होतं: आज सुट्टी.

"कसली सुट्टी?" साहेब म्हणाले.

अप्पा शेजारीच बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी माइक बंद न करताच विचारलं, "अप्पा, आज काय हाय?"

"आमुशा हाय की," अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. "आज कोण सौदा करतंय?"

साहेबांचा सगळा जन्म पुण्यात गेलेला. त्यांना मी हमाल, पोती, सुनसान यार्ड, सगळं सांगितलं. त्यांचा कॅमेरा बंद होता, त्यामुळं ते रागावलेत की काय ते कळेना. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

त्या दिवशी डॉलर धाडकन कोसळला आणि आमुशेनं सगळ्यांना वाचवलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. डॉलर थोडा वर गेला, थोडा खाली आला आणि जागेवर येऊन बसला.

साहेब मात्र आदल्या संध्याकाळच्या नोंदी वाचत होते. "इथं 'ओटा रिकामा' असं आलंय. हे काय?"

मी सांगितलं. आमुशेच्या आदल्या संध्याकाळी अप्पा ओट्यावर एक पोतंही उघड्यावर ठेवत नाहीत. सगळा माल मार्गी लावतात, मगच घरी येतात. तोच नियम मी सॉफ्टवेअरला लावला होता. सुट्टीच्या आधी सगळे व्यवहार मिटवायचे, आणि मिटले की तशी नोंद करायची.

"म्हणजे सुट्टी चुकीची होती, पण उघड्यावर काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, सर."

साहेबांनी आणखी बरंच काही तपासलं. शेवटी म्हणाले, "तुमचा भाग जोखमीचा. तिथं गोंधळ नाही. राहा लातूरला. फक्त सुट्ट्या दुसऱ्या कुणाला तरी विचारत जा." आणि ते हसायला लागले, ते कॉल संपेपर्यंत हसतच होते.

मी अप्पांना सांगितलं, "इथंच राहा म्हणले." अप्पा "बरं" म्हणाले, शेंगांची टरफलं गोळा केली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. आईला वाटलं, त्यांच्या सुट्ट्यांना नाव ठेवलं म्हणून रुसले.

तासाभरानं दारात ऑटो थांबला. आत अप्पा, आणि त्यांच्या मांडीवर चाकं वर करून एक फिरती खुर्ची, वरचं प्लास्टिकही न काढलेली. आई उंबऱ्यातच उभी राहिली. "अवो, आज आमुशा हाय."

"ठावं हाय मला."

"मग उद्या आणायची की."

अप्पांनी खुर्ची आत आणून मशीनसमोर ठेवली आणि खांद्यावरच्या रुमालानं, नसलेली धूळ पुसली. "महिना झाला बघून ठेवलेली," ते आईकडं न बघता म्हणाले. "अजून एक दिस कशाला थांबायचं?" मग मला म्हणाले, "बस, माय."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी बसले. अप्पांनी मला खुर्चीसकट एकदा गोल फिरवून बघितलं.