नाझरांचा घोडाछाप डबा

या, जवळ सरका. असं उंबऱ्यात अर्धं आत, अर्धं बाहेर बसतं का कोणी? आल्या आल्या जायची घाई! तुमच्यासारख्यांना आमच्या समोरचे नाझर दाखवायला हवे होते. सकाळी ओट्यावर बसून ते एक पत्र्याचा डबा कानाशी धरत, हळूच हलवत, आतली सळसळ ऐकत आणि म्हणत, "हाय. हाय अजून." मग तो डबा देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवून पूजेला बसत.

डब्यात विलायती न्याहारी होती. ओट म्हणत ते. पोह्यांसारखे चपटे, भुरकट दाणे. दुधात शिजवले की धड खीर नाही, धड कण्या नाही, असं काहीतरी गिळगिळीत होई. डब्यावर उधळलेला तांबडा घोडा, म्हणून आमचं सगळं अमडापूर गाव त्याला घोडाछाप म्हणे.

नाझर कोर्टातून निवृत्त होऊन गावी आलेले. नोकरीत असताना एकदा साहेबाबरोबर दौऱ्यावर गेले आणि तंबूत तापाने आडवे झाले. पोटात काही ठरेना. साहेबाने आपला एक डबा दिला. बाटायला नको म्हणून नाझरांनी खानसाम्याला दूर उभं केलं, कडुलिंबाखाली दगडांची चूल मांडली, सोवळं नेसले आणि तापातच स्वतः शिजवून खाल्लं. ताप उतरला. तेव्हापासून खामगावच्या दुकानातून डबा मागवायचा हा नेम झाला.

आम्हा पोरींना ते विचारत, "सांगा, साहेब येवढा उंच काऊन?"

"घोडाछाप!" आम्ही ओरडायचो.

"मंग मी काऊन नाही?" याचं उत्तर मात्र तेच देत, "मले उशिरा भेटलं ना व."

पुढे तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली. बोटी बंद, डबे बंद. नाझरांजवळ एकच उरला, न फोडलेला. लढाई संपेल, दुसरा डबा येईल, तेव्हा हा फोडायचा, असं त्यांनी ठरवलं. तोवर नुसता आवाज. माझी आई म्हणायची, "भाऊजी, खाऊन टाका एकदाचं. सोंडे पडतील."

"वहिनी, खाल्लं तं संपते. ऐकलं तं संपत नाही."

यात हसण्यासारखं काय असेल ते असो, पण त्यांच्या मुलीचं लग्न अडलं होतं. बायको कधीच गेलेली, घरात ही एकटी शेवंता. तिच्या बरोबरीच्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या. हिला पाहायला लोक येत आणि समोरचा म्हातारा डब्याला कान लावून बसलेला पाहून जात. "बाप असा, तं पोरगी कशी असन?" असं दूरवर पसरलेलं. म्हणून मेहकरकडचं एक चांगलं स्थळ आलं तेव्हा आईने शेवंताला बजावलं, "पाहुणे जाईपर्यंत तो डबा लपव, माय." शेवंताने तो ज्वारीच्या कणगीत खोल पुरला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा काका आणि काकाची आई, म्हणजे मुलाची आजी. आईने चिवडा, शेव, लाडू मांडले. बोलणी छान चालली होती. आजीच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता. ती बिचारी शेवेचा एकच तुकडा या गालातून त्या गालात फिरवत बसली होती.

नाझरांनी ते पाहिलं आणि उठून आत गेले. आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेले. तर बाहेर आले ते कोपरापर्यंत ज्वारीची धूळ लागलेली आणि हातात डबा! कुठे लपवला ते त्यांना कसं कळलं, देव जाणे. ऐकू आला असेल.

"भाऊजी, लढाई संपली नाही अजून," आई कुजबुजली.

"म्हातारी उपाशी उठून राह्यली, वहिनी," ते म्हणाले आणि छिन्नी लावून डबा फोडला.

शेवंताने शिजवलं. वाटी आजीपुढे आली आणि काकाची नजर डब्यावर गेली.

"हे तं घोड्याचं खाणं हाय! आमाले काय तबेल्यात बसवलं?"

"घोड्याचं नाही हो, साहेबाचं."

"मंग साहेबाचं चित्र काऊन नाही?"

सारा जन्म कोर्टात घालवलेला माणूस, पण या मुद्द्यावर त्यांच्याकडे पुरावा नव्हता. काकाने टोपी चढवली. मुलगाही उठला. शेवंता स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. तिच्याकडे बघवेना.

आजी उठली नाही. तिने वाटी बोटाने पुसून साफ केली आणि काकाला म्हणाली, "बस बे खाली! इतक्या पोरी पाह्यल्या, जेथं गेलो तेथं कडक चिवडा. माह्या तोंडाकडं कोणी पाह्यलं काय? घोड्याचं असो नाही तं गाढवाचं, माहं पोट भरलं. पोरगी हेच." मग शेवंताकडे वळून, "अजून हाय का व माय?"

होतं. आजीने तेही संपवलं. नाझरांना चाखायलासुद्धा उरलं नाही.

लग्न झालं. रिकामा डबा शेवंताबरोबर गेला, हळदकुंकवाच्या पुड्या ठेवायला. नाझर सकाळी आमच्याकडे येऊ लागले. आई दुधात ज्वारीच्या कण्या शिजवून देई. वाटी संपवून ते म्हणत, "ह्याले ती सर नाही, वहिनी," आणि पुन्हा वाटी पुढे करत.

पुढे ते थकले. शेवंता त्यांना न्यायला आली, सोबत आजीही. पण आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. नाझर अडून बसले.

"पाणी कोण देते तुमाले?" आजी म्हणाली. "सारं दुधात शिजवू."

"तहान लागली तं?"

"ताक प्या."

"ताकात पाणी असते."

"मंग दही खा, पण चाला आता!"

नाझरांनी खटल्याचा निकाल द्यावा तसा बराच वेळ विचार केला. "दही चालते. कायद्यात बसते," म्हणाले आणि बैलांच्या रेंगीत चढले.

ते परत आले नाहीत. शेवंता माहेरपणाला आमच्याकडेच उतरायची, तेव्हा सांगायची. म्हणे दोघं रोज सकाळी वाट्या घेऊन ओसरीत बसतात आणि भांडतात, साहेब पातळ खाई की घट्ट. आजीने जन्मात साहेब पाहिला नव्हता, पण ती माघार घेईना. एका सकाळी असंच भांडता भांडता नाझर गप्प झाले. आजीला वाटलं, विचार करतायत. ती किती तरी वेळ वाटी धरून तशीच बसली होती म्हणे. "बोला ना हो, घट्टच होतं ना?"

उठलात वाटतं. बरं, जा. पण लवकर या हो पुन्हा. मी वाट पाहत बसते.