मोटारीच्या खोलीवरचा कागद

१९८९च्या उन्हाळ्यात सावद्याचे चुडामणआबा जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरले, तेव्हा निंबाला वाटलं, भुसावळचं इंजिनच रूळ सोडून आत आलं. आबा खोकले, तर औषधांच्या बाटल्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. ‘राम राम’ म्हणाले, तर पट्टी बांधलेले तीन पेशंट ताडकन उठून बसले. आणि चौथ्याला, निंबा शपथेवर सांगे, त्याच क्षणी दिसायला लागलं.

निंबा शिंदखेड्याचा. आधी लग्नांचे फोटो काढायचा, आता डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. जुनी सवय सुटली नव्हती.

“आबा, हनुवटी इथं टेका. हं, आता हसा.”

“डोळ्यानं हसू का रे लेका?”

रोल धुवायला मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. भिंतीवर नारिंगी चंद्रासारखा आबांचा पडदा उमटला. त्याच्या मधोमध बारीक पिवळे ठिपके होते.

“हे तं पिकल्याची खूण!” आबा गरजले. “चित्ती पडली का केळ गोड.”

निंबा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

“आबा, वयानं पडद्याचा मधला भाग झिजायला लागलाय. आज नजर चांगली आहे. पण आत रक्त उतरलं तर मधलं दिसणं जातं. लगेच कळलं तर लेझरनं कधी कधी थांबवता येतं. उशीर झाला तर नाही.” त्यांनी चौकटी आखलेला कागद दिला. “रोज एक डोळा झाकून पाहायचं, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी निघायचं.”

आबांच्या डोळ्यांवर अख्ख्या गावाची केळी दिल्लीला जात. घडासमोर उभं राहून ते नुसतं पाहत, केळाच्या कडा गोल झाल्या असल्या की म्हणत, “काप.” हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

सहा महिन्यांनी आबा घड घेऊन आले. ठिपके मोठे झाले होते. काही एकमेकांना चिकटले होते.

“रेघा सरळ?”

“गजासारख्या!”

पुढच्या खेपेलाही गजासारख्याच. नव्या फोटोत ठिपक्यांची चकती झाली होती. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला आणि बाजूला ठेवला. निंबाला ते आवडलं नाही.

१९९१च्या पोळ्यानंतर आबा आले, त्यांनी चहा मागवला आणि बशीच्या शेजारी टेबलावर ओतला. पुन्हा ओतला, पुन्हा टेबलावर.

“बशी हलते तुह्यी,” आबा म्हणाले.

निंबा पोट धरून हसला. मग त्यानं आबांची हनुवटी टेकवली, डावा डोळा कॅमेऱ्यासमोर आणला आणि त्याचं हसू थांबलं. मधोमध राखाडी डाग होता, कडेला काळपट रक्त. हा रोल मुंबईला पाठवायची गरजच नव्हती.

“काय दिसतं रे?”

“बठ्ठं बराबर शे, आबा,” सगळं ठीक आहे, असं निंबा आपल्या अहिराणीत म्हणाला. खोटं बोलताना त्याला गावच आठवे. मग त्यानं हळूच विचारलं, “तो कागद कुठं लावला?”

“बागेत. मोटारीच्या खोलीच्या दारावर. रोज सकाळी पाण्याची मोटार चालू करतो, तव्हा पाहतो.”

“एक डोळा झाकून ना?”

आबा त्याच्याकडे पाहत राहिले. एखाद्यानं देवळात चपला घालून जायला सांगावं, तसे.

“केळीच्या बागेत? एक डोळा मिटून बागीकडे पाह्यलं का घड सडते, बापा. माह्या बापानं बागेत कधी डोळ्यातली धूळ काढली नाही. मी दोन्ही डोळ्यानं पाहतो.”

निंबानं आबांच्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि भिंतीवरचा तसलाच कागद दाखवला.

ज्या माणसाच्या खोकल्यानं बाटल्या हलत, तो इतका गप्प झाला, की बाहेरच्या बाकावरचा पेशंट आत डोकावला.

“मधात तं काहीच नाही,” आबा म्हणाले. “कडेकडेनं दिसते.”

डॉक्टरांनी तपासलं. लेझरची वेळ निघून गेली होती.

उजवा डोळा १९९४ साली गेला. आता घड त्यांचा पुतण्या जीवराम पाहतो. तो हात लावून पाहतो.